कुंडावर आणि कुंडात

महाडजवळच्या सव गावात गरम पाण्याची कुंडं आहेत. आमच्याकडचा माणूस आधी कुंडावर जातो, मग कुंडात उतरतो. पाय भिजेपर्यंत 'वर', भिजले की 'त'. हा नियम कुणी कुणाला शिकवलेला नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. त्याच्या कितीतरी आधीपासून सावित्रीकाठची माणसं प्रत्यय न चुकवता आंघोळ करून घरी येत होती.

हेच इंग्रजीत सांगायला बसलं की पंचाईत. 'ऑन द स्प्रिंग' म्हणावं तर पाण्यावरून चालत गेल्याचा चमत्कार घडतो. 'इन द स्प्रिंग' म्हणावं तर ऐकणाऱ्याला वाटतं, ही मंडळी वसंत ऋतूत आंघोळ करतात. उरलेलं वर्ष कसं काढतात कोण जाणे. मध्ये 'हॉट' घातला की वसंत टळतो, पण 'ॲट' की 'इन' हे उरतंच.

आपला 'वर' फार कामसू. बाई नदीवर धुणं धुते, विहिरीवरून पाणी आणते, खोकल्यावर औषध देते, नवऱ्यावर रागावते आणि तरी त्याच्यावर विश्वास ठेवते. आता इंग्रजीत जा. नदीला 'ॲट', विहिरीला 'फ्रॉम', खोकल्याला 'फॉर', नवऱ्याला 'विथ', विश्वासाला 'इन'. एका घरगड्याच्या जागी पाच माणसं कामाला ठेवावीत, आणि पाचही जणांनी आपलं सोडून दुसऱ्याचं काम करायला नकार द्यावा, तशातली गत. शिवाय आपला शब्दयोगी शब्दाच्या मागून चालतो, त्यांचा पुढे. म्हणजे नदीचं नाव घेण्याआधीच तिच्याशी आपलं नातं काय ते ठरवून ठेवायचं. आम्हाला आधी नदी दिसावी लागते.

मात्र आपणही काही साधेभोळे नाही. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं आणि मराठीने गुपचूप एक भेद करून ठेवला. पायऱ्या चढून गेलेला माणूस रायगडावर असतो, खोपोलीत चहा पीत बसलेला रायगडात. रायगडवाडीचं दुसरीतलं पोर यात गोंधळत नाही. तेच पोर इंग्रजीच्या वहीत 'ॲट, इन, ऑन'च्या रिकाम्या जागा भरताना पेन्सिल चावत बसतं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, त्यामुळे हे चावणं लहान वयात सुरू होतं. त्याच्या आजोबांच्या पिढीने ते 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'वर केलं होतं.

वेळेच्या बाबतीत तर वाटतं, दोन्ही भाषांचं आधी बोलणं झालेलं असावं. आठ वाजता, सोमवारी, पावसाळ्यात: आपले तीन प्रत्यय वेगळे, आणि त्यांचे 'ॲट', 'ऑन', 'इन' तिन्ही वेगळे. माणूस खूश होतो, वाटतं जमलं. पुढच्याच ओळीत 'सकाळी' आणि 'रात्री' येतात. मराठीत दोन्हीकडे तीच दीर्घ ई, इंग्रजीत सकाळ 'इन' आणि रात्र 'ॲट'. का? विचारू नका. मास्तरांनाही कुणी सांगितलेलं नाही.

मास्तर कारण देतात ते बसचं. उभं राहता येतं त्या वाहनाला 'ऑन', येत नाही त्याला 'इन'. म्हणून 'ऑन द बस' आणि 'इन द कार'. पोलादपूरच्या एसटीत गणपतीच्या दिवसांत चढलेल्या माणसाला हा नियम लगेच पटेल, कारण तिथे उभं राहण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. पण मोटरसायकललाही 'ऑन'च लागतो. तिच्यावर घाटात उभं राहून दाखवा.

आणि ज्यांची ही भाषा, त्यांचं तरी कुठे एकमत आहे? शनिवार-रविवारला लंडनवाला 'ॲट' लावतो, अमेरिकावाला 'ऑन'. सगळी इंग्रजी दुनिया रांगेत 'इन' उभी राहते, तिथे न्यूयॉर्कचे जुने लोक 'ऑन' उभे असतात. 'डिफरंट'पुढे 'फ्रॉम', 'टू' आणि 'दॅन' अशा तीन पाट्या आहेत, आणि तिन्ही दिशांना सुशिक्षित माणसं जाताना दिसतात. एवढं असून मुलाखतीच्या खोलीत लाज वाटते ती आपल्याच पोराला. हे मला काही पटत नाही.

शब्दांच्या रूपांचंही तेच. बाजारपेठेतल्या बोर्डावर 'फर्निचर्स' दिसलं की शिकलेली माणसं गालात हसतात. अहो, आत खुर्च्या चार आणि कपाटं सहा, तर दुकानदाराने अनेकवचन करू नये? वह्या-पेनांच्या दुकानावर 'स्टेशनरी'च्या स्पेलिंगात 'ई'च्या जागी 'ए' पडला, तर अर्थ होतो जागचं न हलणारं. तेही खोटं नाही, दुकान हलत नाहीच. आपल्याकडे रुळलेला 'प्रीपोन' इतकी वर्षं हसण्यावारी नेला, शेवटी तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला. वापरणाऱ्यांनी लाजून सोडून दिला असता तर बसला नसता.

तरीही सगळंच चालतं असं मी म्हणणार नाही. एका जागी आपली मराठी आपल्याला अडचणीत आणते, ती म्हणजे 'पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत ऑफिस उघडं आहे' आणि 'शुक्रवारपर्यंत पैसे भरतो', दोन्हीकडे शब्द एकच. इंग्रजीत पहिल्याला 'टिल', दुसऱ्याला 'बाय'. 'आय विल पे टिल फ्रायडे' असं लिहून दिलंत, तर शुक्रवार येईपर्यंत मी रोज भरत राहीन असं कबूल केल्यासारखं होतं. 'पासून'ची खोड त्यामानाने सौम्य. 'सिन्स फाइव्ह इयर्स' म्हटल्याने कान खटकतो, खिसा शाबूत राहतो.

तेव्हा पोरांना 'बाय' आणि 'टिल' तेवढे घोटून घेऊ द्या, कारण तिथे तारखा आणि पैसे गुंतलेले असतात. 'ॲट महाड' म्हटलं की 'इन महाड', यावरून आजवर कुणाची एसटी चुकलेली नाही.