आधी कोणता पेशंट?

एन्क्लेक्स परीक्षेच्या अभ्यासाला चार नर्सा एकत्र बसल्या की त्यातली एक आपोआप 'इन्चार्ज' होते. तिला कोणी नेमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर तिचा ड्युटी चार्ट येतो, तेवढंच. सोमवारी हार्ट, मंगळवारी किडनी, बुधवारी सायकियाट्री, गुरुवारी ऑफ. ऑफच्या दिवशीही 'ऑन कॉल' राहायचं.

आमची इन्चार्ज मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिसीन वॉर्डात आहे. घरी नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाईंची शुगर. अमेरिकेला जायचं तिच्या मनात नव्हतं म्हणे, "ह्यांचंच चाललंय." ह्यांना विचारलं तर ते म्हणतात, "छे हो, हिचंच चाललंय."

तिकडे नर्स म्हणून काम करायचं तर एन्क्लेक्स-आरएन पास व्हावीच लागते. नोंदणीचे २०० डॉलर, अमेरिकेबाहेर बसायचं म्हणून वरचे १५०, आणि नापास झालात तर निदान ४५ दिवस थांबायचं. परीक्षा कॉम्प्युटरवर. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. तुम्ही पास की नापास याची ९५ टक्के खात्री पटली की यंत्र मध्येच बंद होतं आणि काहीही न बोलता तुम्हाला घरी पाठवतं.

या अबोल यंत्रामुळेच इन्चार्जला जगण्याचं कारण सापडलंय. कोणीही परीक्षा देऊन बाहेर पडलं की "कशी गेली?" वगैरे ती विचारत नाही. तिचा पहिला प्रश्न, "कितीला बंद पडला?" कोणी म्हणालं ८५ला, की दुसरा प्रश्न, "शेवटचा अवघड होता की सोपा?" अवघड असला तर पेढे, सोपा असला तर ती मान खाली घालून पाठीवर हात ठेवते. हे सगळं एका वहीत लिहिलेलं आहे. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत अशी अट उमेदवारांना मान्य करावी लागते, आणि इन्चार्ज नियमाची पक्की. "प्रश्न सांगू नकोस हं सिस्टर, बंदी आहे. आकडा सांग. आकड्याला बंदी नाही."

निकालाआधीच निकाल काढायची युक्तीही तिच्याकडे आहे. परीक्षा झाली की त्याच संध्याकाळी पुन्हा नोंदणी करून बघायची. संगणकाने अडवलं तर पास. अडवलं नाही आणि कार्डातून २०० डॉलर गेले, तर दुःख दुप्पट. यात शास्त्र किती हा वाद गटात कोणी काढत नाही, कारण कार्ड तिच्या नवऱ्याचं असतं.

बाकी तिचा अभ्यास जबरदस्त आहे. पोटॅशियम ३.५ ते ५, सोडियम १३५ ते १४५, हे ती झोपेत सांगते. अडचण येते ती उत्तरं देताना. एन्क्लेक्समध्ये जे हॉस्पिटल आहे ते कुठेच नाही. तिथे औषध संपत नाही, लिफ्ट चालू असते, आणि एका नर्सकडे चार पेशंट असतात. प्रश्न वाचला की इन्चार्ज आधी विचारते, "चारच? बाकीचे कुठे गेले?"

परवाचाच सराव घ्या. एकाचा पाय प्लास्टरमध्ये आणि दुखतोय. दुसरा न्यूमोनियाचा, अचानक बेचैन होऊन असंबद्ध बोलायला लागलाय. तिसऱ्या मधुमेही बाईंना नाश्ता हवाय. चौथा डिस्चार्जच्या कागदांसाठी थांबलाय. आधी कोणाला बघाल? गटातली केरळची चेची तोंडातला घास न गिळता म्हणाली, "न्यूमोनिया." बरोबरच आहे, नवी बेचैनी म्हणजे मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय. इन्चार्जने खूण केली डिस्चार्जवर.

"अगं, तो गेला की बेड रिकामा. खाली गादीवरचा वर जाईल."

"आणि न्यूमोनिया?"

"त्याच्या शेजारूनच तर जाणार ना मी! डोळे काय घरी ठेवून येते?"

कोणतं काम कोणाला सोपवाल, हा प्रकार आणखी बिकट. आंघोळ घालणं, भरवणं, लघवी मोजणं ही कामं मदतनीसाला द्यायची. तपासणं आणि समजावणं नर्सने स्वतः करायचं. ती पर्याय वरखाली चाळत बसते. "यात नातेवाईक कुठे आहे?" तिच्या वॉर्डात निम्मी शुश्रूषा पेशंटची मेहुणी करते, आणि मावशी रजेवर आहेत हा मजकूर कुठल्याच पर्यायात नसतो. डॉक्टरला लगेच फोन करायचा नाही, आधी पेशंट तपासायचा, हेही तिला पटत नाही. "फोन आधीच करायचा. तो यायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात तपासणी होते." 'लागू असतील ते सगळे निवडा' या प्रश्नात ती पाचही चौकोनांवर खुणा करते, कारण वॉर्डात ती पाचही करते. एप्रिल २०२३ पासून अशा प्रश्नांना अर्धवट गुणही मिळतात, पण चुकीच्या खुणेचे कापतातही. गटातल्या ब्रदरने हे समजावलं. ती म्हणाली, "काम केलं म्हणून गुण कापतात?"

मला न्यूमोनिया झाला तर मी हिच्याच वॉर्डात भरती होईन. तिची उत्तरपत्रिका मात्र मला दाखवू नका.

संवादाच्या प्रश्नांसाठी तिने घरीच सराव केला. पेशंट रडला तर "काही होत नाही, जेवून घ्या आजोबा" हे चूक, तो पोकळ दिलासा झाला. "का?" असंही विचारायचं नाही. त्याची भावना त्याला बोलून दाखवायची आणि त्याला बोलतं करायचं. मुलगा गणितात नापास झाला त्या दिवशी ती त्याच्या शेजारी बसली आणि शांत स्वरात म्हणाली, "या गुणांमुळे तुला निराश वाटतंय असं दिसतंय. त्याबद्दल आणखी सांगशील?" पोरगं घाबरून आजीमागे लपलं. "आजी, आईला सांग ना मला मारायला!"

शेवटी तिने तारीख घेतली. तळहाताच्या शिरांचं स्कॅनिंग होतं, मोबाइल लॉकरमध्ये जातो, पासपोर्टवरचं आणि नोंदणीतलं नाव तंतोतंत जुळावं लागतं, हे सगळं तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की सेंटरवर तिला नवं काहीच नव्हतं. बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे दारात उभे. चेचीने विचारलं, "कितीला बंद पडला?"

इन्चार्जने पदर सारखा केला. "प्रायव्हसी म्हणून काही असतं, सिस्टर."

आजतागायत तो आकडा कोणाला कळलेला नाही. वहीत तिच्या नावापुढची जागा कोरी आहे. पास झाली, एवढं खरं.

म्हणजे आता अमेरिका, असं तिच्या सासरच्यांना वाटलं. पण नर्सांच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतात जन्मलेल्यांची तारीख दहा-बारा वर्षं मागे रेंगाळतेय. अमेरिकी परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकते, कधी हलत नाही, कधी चक्क मागे जाते. इन्चार्जने ते वाचून आम्हाला सांगितलं, "सध्या ज्यांचा नंबर लागलाय ना, त्यांनी कागद टाकले तेव्हा मी नोकरीत नवीन होते. माझी मेट्रनची भीतीही गेली नव्हती."

त्याच रात्री तिने नवा गट काढला. चेची आहे, ब्रदर आहे, दुसऱ्या हॉस्पिटलच्या अनोळखी सिस्टरही आल्यात. पहिली सूचना ठळक अक्षरात: तारीख आपल्यापर्यंत येईस्तोवर कोणीही सुटकेस विकत घेऊ नये. ही सूचना आमच्यासाठी नव्हती. तिच्या 'ह्यांनी' दोन आणून माळ्यावर ठेवल्या होत्या.