हाडाचे शेजारी

सालामांकाबद्दल जे लिहायलाच हवं ते आधी उरकून टाकते. इथलं विद्यापीठ १२१८ सालचं, स्पेनमधलं सगळ्यात जुनं. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या नक्षीत एका कवटीवर बेडूक बसलाय. कुणी न दाखवता तो सापडला तर परीक्षा सुटते म्हणतात. मला तो गाइडने बोट धरून दाखवला. नवं कॅथीड्रल (नवं म्हणजे १५१३ साली बांधायला घेतलेलं) आहे, त्याच्या दारावर १९९२च्या डागडुजीत कोरलेला एक अंतराळवीर आहे. प्लाझा मायोर हा मुख्य चौक संध्याकाळी सोनेरी होतो आणि तिथल्या घड्याळाखाली भेटायचं ठरवून सगळं गाव उशिरा येतं. झालं. आता आमच्या फ्लॅटच्या दाराकडे वळू.

स्पेनमधली घरांची दारं ओढली की आपोआप लागतात. बाहेरच्या बाजूला जी ठसठशीत पितळी मूठ असते, ती फिरत नाही. ती दार ओढून घेण्यापुरती. विद्यापीठात आम्हाला पहिल्या दिवशी युरोपातली क्रेडिटची पद्धत दीड तास समजावली. मुठीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

बाबांनी सोसायटीत सांगून ठेवलं होतं की परदेशात एक सेमिस्टर काढलं की व्यक्तिमत्त्व विकास होतो. आईचा विकासावर विश्वास नव्हता. तिने बॅगेत कुकर भरला. तेव्हा रविवारी दुपारी तीन वाजता मी गाऊनवर, केसांना तेल लावून, त्या कुकरात मसूर शिजवत होते. सालामांकाजवळच्या ला आर्मुन्या भागातली मसूर स्पेनभर नावाजलेली आहे. हिरवट, मोठी, शिजली तरी आकार न सोडणारी. मी तिची आमटी करते हे तिथल्या शेतकऱ्यांना कळवण्याची गरज नाही.

तीन वाजता जेवण का, तर १९४० साली हुकूमशहा फ्रँकोने देशाची घड्याळं तासभर पुढे केली आणि ती नंतर कुणी मागे घेतलीच नाहीत. त्यामुळे सूर्य उशिरा, जेवण उशिरा, आणि तीन ते साडेपाच अख्खं गाव पडदे ओढून आडवं. त्यात रविवार, म्हणजे दुकानंही बंद. जगबुडीसाठी याहून सोयीचा मुहूर्त नाही.

बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा माझा मोजा घेऊन उभे होते. इमारतीच्या पोटातल्या चौकात सगळ्यांच्या दोऱ्या टांगलेल्या असतात. वरच्यांचे कपडे खालच्यांच्या दोरीवर पडतात आणि अशाने ओळखी वाढतात. मी मोजा घ्यायला एक पाऊल बाहेर टाकलं. चौकातून वाऱ्याचा झोत आला. धाड्!

आत पहिली शिट्टी झाली.

फोन आत. किल्ली आत. घरमालक दुसऱ्या गावी, आणि मी पॅसेजमध्ये हातात मोजा धरून. परीक्षेपुरतं स्पॅनिश मला उत्तम येतं. मी आजोबांना म्हणाले, "आपण आलात याचा मला अतिशय आनंद वाटतो." आजोबांनी दार पाहिलं, मला पाहिलं आणि जिन्यातून असा काही पुकारा केला की त्या पुकाऱ्यापुढे गावाची वामकुक्षी टिकणं शक्य नव्हतं.

दुसरी शिट्टी. इथल्या कुकरांना शिट्टीची सवय नाही, ते एकसुरात फुसफुसतात. त्यामुळे एकेका मजल्यावरून माणसं वर आली ती घाबरूनच. आत काय आहे, विचारलं. मी म्हटलं, मसूर. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी छातीवर हात ठेवला. "चोरिसो घातलंय?" म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. मी नाही म्हटलं. मग त्यांना खरी काळजी वाटली.

कुणीतरी फोनवर चावीवाला गाठला. त्याने दार कुठल्या रस्त्यावर आहे हे विचारण्याआधी रक्कम सांगितली, ती माझ्या महिन्याच्या किराण्याएवढी होती. रविवारचा दर वेगळा, म्हणाला. मला असा राग आला की तो सगळा मराठीतच आला. दुसऱ्याने सुचवलं, ११२ला फोन करा, अग्निशामक दल शिडी लावून खिडकीतून शिरेल. म्हणजे शिडी रस्त्यावर, गर्दी रस्त्यावर, आणि तेलकट केसांची मी गाऊनमध्ये. मी मनातल्या मनात स्फोटाच्या बाजूने मत दिलं.

पाचवी शिट्टी झाली तेव्हा आजोबा म्हणाले, "एक्स-रे आणा." आणि सगळे आपापल्या घरी पळाले.

मला वाटलं, जखमींची तयारी चालली आहे. पण हे स्पेनमधलं जुनं घरगुती शास्त्र निघालं. किल्ली फिरवून कुलूप घातलेलं नसेल आणि नुसतं लॅच लागलेलं असेल, तर एक्स-रेची फिल्म वरच्या कोपऱ्यातून फटीत सरकवायची, खाली ओढत आणायची, दुसऱ्याने दार हलवत राहायचं. लॅचची उतरती कड आली की फिल्म तिला आत ढकलते. फिल्म लवचीक हवी आणि चिवटही. हल्ली दवाखाने सगळं कॉम्प्युटरवर दाखवतात, त्यामुळे चांगली फिल्म फक्त जुन्या माणसांकडे मिळते.

आधी काकूंचा गुडघा आला. तो अर्ध्यात दुमडला. "खऱ्या गुडघ्याचंही हेच आहे," काकू म्हणाल्या. मग पहिल्या मजल्यावरच्या मुलाचे दात. ते आखूड पडले. आजोबांचा कणा फटीत शिरेना. मला यांतल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं आणि सगळ्यांची हाडं पाहून झाली होती. कुकरने मोजण्यापलीकडची शिट्टी मारली, पाठोपाठ करपल्याचा वास.

समोरच्या दारातल्या आजी एवढा वेळ गप्प उभ्या होत्या. आत गेल्या आणि मोठं पिवळं पाकीट घेऊन आल्या. फिल्म काढून त्यांनी जिन्यातल्या दिव्यासमोर धरली. पुरुषाची छाती होती. "बेखारच्या लोकरीच्या गिरणीत होते," त्या मला म्हणाल्या. "हे बघ, हृदय. मोठं होतं, डॉक्टर पण म्हणायचे." आजोबांनी हात मागे घेतला, हा नको, म्हणाले, चुरगळेल. आजींनी फिल्म त्यांच्या हातात कोंबली. "पाकिटात राहून त्यांचा काय उपयोग? पोर उपाशी आहे."

दार दुसऱ्या हिसक्याला उघडलं. आजोबा नाक दाबून आत धावले आणि त्यांनी गॅस बंद केला. मी तिथेच उंबऱ्यावर रडले. व्यक्तिमत्त्वाचा विकास झाल्याचं लक्षण नव्हतं ते. आजींनी फिल्म गाऊनच्या बाहीला पुसून पाहिली, म्हणजे माझ्या गाऊनच्या, आणि तिच्यावर तेलाचा डाग पडला म्हणून मलाच रागावल्या.

आमटीचा कोळसा झाला होता. कुकर भिजत घालून शेजारी गेले आणि ताटं घेऊन परत आले. काकूंनी मसूरच आणली होती, चोरिसो बाजूला काढून. चव तशीच राहिली होती. मी मुकाट्याने खाल्ली आणि पुन्हा वाढून घेतली.

रात्री घरी फोन लावला.

"बाबा, कपाटात खालच्या कप्प्यात आजीचे एक्स-रे आहेत ना? एक पाठवून द्या."

बाबांचा आवाज चिरकला. "काय मोडलं? खरं सांग!"

"काही नाही. दाराला लागतो."

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग आईने फोन घेतला.

"कमरेचा पाठवू की खांद्याचा?"

"जो लांब असेल तो."