चढून आलेलं लिंबू

भंडारदऱ्याला शेंडी गाव सोडून धरणाच्या पाण्याला वळसा घालत घाटघरकडे निघालात की डावं-उजवं संपतं. पत्ता विचारला तर ‘वर जावा’ नाहीतर ‘खाली उतरा’ एवढ्या दोनच दिशा मिळतात. ‘किती लांब?’ असं विचारलं तर ‘ते काय, दिसतंय की’ म्हणतात. ते खोटंही नसतं. डोंगरात सगळंच दिसतं. समोरच्या उतारावरचं घर दिसतं, घरापुढची म्हैस दिसते, ती आज दूध देणार की लाथ हेही दिसतं. मधली दरी तेवढी दिसत नाही. ती पायांना कळते.

आम्ही गेलो ते जूनच्या सुरुवातीला, पाऊस ‘आज येतो, उद्या येतो’ करत असताना. बरोबर एक मित्र होता. त्याच्या अंगावर एकूण जे काही होतं त्या पैशात राजूरच्या बाजारात दुभती गाय आली असती. घडीच्या दोन काठ्या, पाठीवरच्या पिशवीतून थेट तोंडाशी आलेली पाण्याची नळी, आणि मनगटावर वेळ सोडून बाकी सगळं सांगणारं घड्याळ. किती पावलं झाली, किती मजले चढलात, काळीज कसं चाललंय, रात्री झोप किती खोल लागली, सगळं. मुक्कामाच्या घरी ओटीवर टेकून पाणी पितोय तोवर ते थरथरलं. मामांच्या आईनं विचारलं, “काय म्हनतंय?” (मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. वाडीत ते सगळ्यांचेच मामा होते, आणि त्यांची आई सगळ्यांची आजी.)

“बसून फार वेळ झाला, उठून जरा चाला म्हणतंय.”

आजींनी घड्याळाकडे नीट पाहिलं. “म्हंजी सासूसारखंच की. बसल्यालं बघवत न्हाय.”

मित्रानं घड्याळ उतरवून खिशात टाकलं. खिशातही ते थरथरत राहिलं.

वाडी मुख्य रस्त्यापासून वर. तिथला एक अलिखित कायदा पहिल्याच सकाळी कळला: खाली जाणाऱ्यानं रिकाम्या हातानं वर यायचं नाही. आम्ही राजूरला जाऊन येतो म्हटलं आणि पाच मिनिटांत ओटीवर गर्दी जमली. कुणाला बॅटरीचे सेल, कुणाला तंबाखू, कुणाला पाठीच्या दुखण्याचा मलम. सगळ्यांत जास्त मागणी प्लास्टिकच्या कागदाला. पाऊस तोंडावर होता. छपरावर घालायला, इरल्याला लावायला, वर्षाच्या सरपणावर टाकायला कागद हवाच. एका बाईंनी ब्लाउजचं कापड ‘याच रंगाचं’ म्हणून जुन्या ब्लाउजचा तुकडा हातावर ठेवला. मित्र म्हणाला, “पण आम्ही गाडीनं जातोय, आम्हाला काय कळतंय रंगातलं?” बाई म्हणाल्या, “गाडीनंच जाताय म्हनून तर दिलं.” यावर आमच्याकडे काही उत्तर नव्हतं.

एरवी हे काम मुक्कामी एसटी करते. संध्याकाळी येते, रात्रभर वाडीखालच्या रस्त्याला मुक्काम करते आणि उजाडता उजाडता खाली जाते. ती गेली की वाडीची सकाळ सुरू झाली असं धरतात. सरकारनं पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून प्रवास फुकट केला आणि २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट, तेव्हापासून घराघरातलं बाजारहाटाचं गणित बदललं आहे. मामांना पूर्ण तिकीट, मामींना अर्धं, आजी फुकट. म्हणजे घरातलं सगळ्यांत स्वस्त माणूस आजी. त्यामुळे बाजाराला आजी जातात. ओझं त्यांच्यानं उचलत नाही, पण त्या उचलतही नाहीत. गाडीत जो कोणी तरुण दिसेल त्याला ‘बाळा’ म्हणतात, पुढचं तो करतो.

आजींचं खरं वय कुणालाच माहीत नाही. “पंच्याहत्तरीची मी न्हाय झाले, मला सरकारनं केली,” असं त्या सांगतात. वाडीत जे शाळेत गेले ते सगळे १ जूनला जन्मलेले, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. जे शाळेत गेले नाहीत ते आधार कार्डावर १ जानेवारीचे झाले. पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला धावली तीही १ जूनलाच, १९४८ साली. त्यामुळे एसटीचा आणि निम्म्या वाडीचा वाढदिवस एकाच दिवशी पडतो. केक मात्र कुणीच कापत नाही. त्या दिवसांत माणसं कौलं शाकारत असतात.

आता रेंजच्या खडकाविषयी. वाडीत मोबाइल सगळ्यांकडे आहे, रेंज एकाच ठिकाणी आहे. वाडीच्या वर हिरड्याच्या झाडाखाली एक सपाट खडक आहे, त्यावर पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की दोन काड्या येतात. बसलं की जातात. म्हणून वाडीचं खासगी आयुष्य उभ्यानं आणि ओरडून चालतं. कर्जाचा हप्ता, बारावीचा निकाल, रुसून माहेरी गेलेली सून, सगळं तिथं जाहीर होतं. आणि महिन्यातून एकदा त्याच खडकावर रेशनचं दुकान भरतं, कारण धान्य द्यायच्या आधी अंगठा घेणाऱ्या मशीनलाही रेंज लागते.

आम्ही पोचलो तेव्हा रांग खडकाच्या कडेनं वळून खाली उतरली होती. रेशनवाले दादा मशीन दोन्ही हातांनी आकाशाकडे धरून उभे. आजींचा नंबर आला. अंगठा ठेवला. मशीननं नाही म्हटलं. आजींनी अंगठा लुगड्याला पुसला, ठेवला, नाही. रांगेतून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे तेल लावा, कुणी म्हणे थुंकी लावा, कुणी म्हणे जोरात दाबा, कुणी म्हणे तिला दाबून घेणं आवडत नाही, अलगद ठेवा. आजी दादांना म्हणाल्या, “ह्ये म्हनतंय माझा अंगठा माझा न्हाय. मंग इतकी वरसं आवनी केली ती कुनाच्या अंगठ्यानं?”

खरं म्हणजे आवणीनंच तो नेला होता. भाताचं रोप करायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजायचा, त्यात बी टाकायचं, आषाढात ती रोपं उपटून गुडघाभर चिखलात वाकून एकेक काडी अंगठ्यानं रोवत उलट्या पावली मागं सरकायचं. शिवाय नागली, वरई, भांडी, शेण, सरपण. एवढं केल्यावर अंगठ्यावर रेषा कशाला राहतील? शहरात आमचे अंगठे फक्त मोबाइलवर घसरतात, तरी मशीनला आम्ही ताबडतोब खरे वाटतो.

हे चालू असताना रांगेतला एक गडी त्याच खडकाच्या दुसऱ्या टोकाला पोराच्या लग्नाची बोलणी करत होता. “पोरगा? नारायणगावला असतो! टोमॅटोत!” पलीकडून काहीतरी विचारलं असावं. “न्हाय, न्हाय, कायमचा!” यावर रांगेतून आवाज आला, “कायमचा कुठला, पावसात येतो की घरी.” “आवनीला येतो!” बापानं फोनमध्ये दुरुस्ती केली. “दारू? न्हाय पीत!” रांग या वेळी गप्प राहिली. ही शांतता पलीकडच्यांना कशी ऐकू गेली कोण जाणे, पण फोन कट झाला. बाप म्हणाला, “रेंज गेली.” रांगही म्हणाली, “रेंज गेली.” वाडीत माणुसकी आहे.

शेवटी आजींच्या डाव्या हाताची करंगळी मशीननं ओळखली. टाळ्या पडल्या. अंत्योदयच्या कार्डावरचं पस्तीस किलो धान्य मंजूर झालं. ते खडकावरून घरी नेणं हा खात्याबाहेरचा प्रश्न होता.

पाण्याचं प्रकरण याहून गमतीचं. घाटघरचा पाऊस असा की चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरपर्यंत जातो. जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तो पडतो काळ्या पाषाणावर, उभ्या उतारावर, आणि पडल्या पडल्या निघून जातो. त्याला अडवायला इंग्रजांनी १९१० साली प्रवरेवर धरण बांधायला घेतलं, १९२६ साली पुरं केलं आणि गव्हर्नर विल्सनसाहेबांचं नाव दिलं. अडवलेलं पाणी खाली गेलं, खालच्या उसाला लागलं, उसाची साखर झाली. ती साखर एसटीनं वर येते. मे महिन्यात वाडीत पाहुण्याला चहा मिळतो तो असा खूप फिरून आलेला असतो, आणि त्यातलं पाणी टँकरचं असतं.

घाटघरला तर विज्ञानानं कमालच केली आहे. वर एक धरण, कड्याखाली कोकणात दुसरं. दिवसा विजेची मागणी चढली की वरचं पाणी सुमारे चारशे मीटर खाली सोडायचं, अडीचशे मेगावॉट वीज करायची. रात्री मागणी उतरली की वीज लावून तेच पाणी परत वर चढवायचं. मित्राला हे अफाट आवडलं. रात्री ओटीवर कंदिलाच्या उजेडात त्यानं मामांना सगळं समजावून सांगितलं. (कंदील, कारण वारा सुटला की वाडीतली वीज आधी जाते.) मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तिथं पानी वर चढवाया मशीन हाय. हितं बायका हायेत.” मामींनी आतून भांडं आपटलं. ते दुजोरा म्हणून की निषेध म्हणून, ते आम्ही विचारलं नाही.

कळसूबाईला गेलो ते बारीच्या वाटेनं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच ठिकाण. या बाईंची गोष्ट पायथ्याला कुणीही सांगतं: कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली ती अट घालून, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. मालकांनी एक दिवस नेमकं तेच सांगितलं. ती उठली आणि डोंगरावर जाऊन बसली ती कायमची. नोकरीच्या अटी मोडल्या म्हणून दिलेला इतका उंच राजीनामा दुसरा माझ्या ऐकिवात नाही, आणि तो मंजूर करून वर देऊळ बांधणारे गावकरीही.

शनिवारच्या रात्री या डोंगरावर मुंबई-पुण्याहून आलेल्यांची रांग लागते. लोखंडी शिड्यांवर जागा मिळायला थांबावं लागतं. वाटेवर लिंबू सरबताची दुकानं आहेत, आणि प्रत्येक शिडीगणिक सरबत महाग होत जातं. वरच्या दुकानात मित्रानं एका पोराशी हुज्जत घातली.

“खाली तर निम्म्या किमतीला होतं.”

“खालीच प्यायचं मग.”

“अरे, पण लिंबू तेच ना?”

“लिंबू तेच हाय दादा, पर ते चढून आलंय.”

पोरगं दहावीतलं. पहाटे पाण्याचे कॅन आणि बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन चढतं, संध्याकाळी उतरतं, सुट्टीभर रोज. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. मित्रानं दोन ग्लास घेतले आणि सुटे पैसे मागितले नाहीत.

काजव्यांविषयी लोक फार लिहितात, म्हणून मी थोडंच लिहितो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लखलखतात, आणि हे बघायला आलेल्या गाड्यांचे दिवे त्यांच्याहून जास्त लखलखतात. मामा शनिवारी रस्त्यावर उभे राहून गाड्या लावून घेतात. दिवे बंद करा म्हणून त्यांची सांगायची पद्धत त्यांनीच शोधली आहे: “त्यांची लग्नं जुळायचा टाइम हाय साहेब. तुमच्या लग्नात कुनी तोंडावर बॅटरी मारली व्हती का?” एक साहेब म्हणाले, “हो, व्हिडिओवाल्यानं.” मामांनी त्यांची गाडी सगळ्यांत मागं लावली.

आमच्या निघायच्या दिवशी टँकरची पाळी होती. सकाळपासून हंडे, कळश्या, प्लास्टिकचे ड्रम विहिरीपाशी रांगेत मांडलेले. दुपारी टँकर वळणावर दिसला, आणि त्याच वेळी कड्यावरून काळं काहीतरी खाली सरकलं. टँकर विहिरीपाशी येईतो पाऊस असा कोसळू लागला की समोरचा माणूस दिसेना. पोरं उघडी होऊन नाचायला लागली. बायकांनी हंडे पागोळ्यांखाली नेऊन लावले.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “विहिरीत सोडायचंय पाणी!”

“आता कशाला? वरून येतंय की!” मामा ओरडले.

“भरलेली परत न्यायची नाही! खेप खाली झाली पाहिजे, सही झाली पाहिजे!”

मग त्या धो धो पावसात त्यानं पाइप विहिरीत सोडला आणि डोंगरानं नुकत्याच दिलेल्या पाण्यात सरकारी पाणी मिसळू लागला. सगळी वाडी इरली, पोती, प्लास्टिकचे कागद डोक्यावर घेऊन हा सोहळा बघत उभी राहिली. टँकर रिकामा झाला. ड्रायव्हरनं शर्टाच्या आतून वही काढली. सही करणाऱ्या बाई खाली गावात गेल्या होत्या. मामांचे हात चिखलानं भरलेले. शेवटी आजी पुढं झाल्या, अंगठ्याला शाई लावून घेतली आणि तो वहीवर टेकवायच्या आधी त्यांनी संशयानं विचारलं, “हितं चालतोय का ह्यो?”

“कागदाला सगळे चालतात, आजी. लवकर करा, शाई पसरतीय.”

आजींनी अंगठा उठवला, लुगड्याला पुसला, आणि ड्रायव्हर गाडीत चढेपर्यंत कनवटीची पुरचुंडी सोडून पैसे काढले.

“खाली चाललायसच तर येताना दोन किलो मीठ आन. जाडं. आन बिस्किटाचा पुडा, पोराला.”