साठफुटे

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. पण न्यू जर्सीतल्या आमच्या कंपूत ते साठफुटेच. पाव मैलाची ड्रॅग रेस म्हणजे १,३२० फूट; त्यातल्या पहिल्या साठ फुटांपलीकडे या माणसाला रस नाही. उरलेले १,२६० फूट त्यांच्या लेखी नुसता घरी जायचा रस्ता.

एरवीही तसंच. मराठी मंडळाच्या नाटकाला पहिल्या घंटेआधी हजर, मध्यंतराला वडा खाऊन पसार. घरी तबला आहे, डग्गा अजून यायचाय. जर्मनची पहिली इयत्ता तीनदा झाली. "सुरुवात जमली की पुढचं आपोआप होतं रे," असं ते म्हणतात. तसं झालेलं आम्ही कुणी पाहिलेलं नाही.

गाडी १९७३ची डॉज डार्ट. पुढे जडशीळ व्ही-एट इंजिन, ताकद मागच्या चाकांना, आणि त्या चाकांवर वजन म्हणाल तर डिकीतली हवा. पाय दाबला की शाफ्टचा पीळ अ‍ॅक्सलला असा बसतो की मागचं उजवं चाक हलकं होतं. साधं डिफरन्शियल अशा वेळी ज्या चाकाची पकड सुटली त्यालाच मोकाट सोडतं. मग उजवं चाक धूर काढतं, डावं साक्षीभावाने बघत बसतं. भरीला कमानपाटे. अ‍ॅक्सल फिरायला लागला की ते इंग्रजी एससारखे मुरडतात, मग सटकन सरळ होतात, आणि गाडी मागून बेडकासारख्या उड्या मारते.

"क्रायस्लरने अ‍ॅक्सल पाट्याच्या मध्यावर ठेवलेलाच नाही, पुढे सरकवलाय," साठफुटे कौतुकाने सांगतात. "पुढचा भाग आखूड म्हणून ताठ. अक्कल होती लोकांना!" तरी त्या अकलेवर त्यांचा पुरता विश्वास नसावा, कारण डिफरन्शियलच्या डोक्यावरचा रबरी ठोकळा बदलून त्यांनी उंच बसवला. अ‍ॅक्सलने नाक वर केलं की तो गाडीच्या तळाला टेकतो आणि मुरड तिथेच थांबते. तो ठोकळा त्यांनी मला गाडीखाली आडवं करून दाखवलाय. दोनदा. दुसऱ्यांदा मी सदरा नवा घातला होता.

वजनाचा प्रश्न त्यांनी प्रथम घरगुती पद्धतीने सोडवला. डिकीत सोना मसुरीच्या वीस-वीस पौंडांच्या दोन पिशव्या. शर्यतीआधी गाडी तपासतात त्या रांगेत एका गोऱ्या म्हाताऱ्याने डिकी उघडली आणि बराच वेळ काही बोलला नाही. डिकीत सुटं सामान चालत नाही. साठफुटे त्याला वजन मागे कसं सरकतं ते हातवारे करून सांगत होते, तोवर त्याने तांदूळ उतरवलासुद्धा. ती संध्याकाळ मी पिशव्यांवर बसून काढली. पुढे त्यांनी बॅटरीच डिकीत नेली, उजव्या चाकामागे, आणि नियमाप्रमाणे बाहेरून बंद करायचं बटणही लावलं.

हे सगळं इंग्लिशटाऊनला, एडिसनहून जवळ. जानेवारी २०१८मध्ये तिथलं ड्रॅग रेसिंग बंद झालं तेव्हा साठफुट्यांनी दोन दिवस दाढी केली नाही. मग ग्रेट मेडोजची आयलंड ड्रॅगवे धरली. तिथे पहिल्याच दिवशी नक्षीच्या टायरांनिशी ते टायर भिजवायच्या पाण्यातून थेट गेले. नक्षीत पाणी भरलं, ते सुरुवातीच्या रेषेवर गळलं, आणि मागच्या गाडीवाल्याने त्यांना जे शब्द ऐकवले ते मंडळाच्या स्मरणिकेत छापता येणार नाहीत. आता ते पाण्याला वळसा घालतात, प्रदक्षिणेसारखा. ड्रॅग रेडियल टायर घेतलेत, त्यांतली हवा वीस पौंडांवर आणतात, आणि रक्तदाब मोजावा तशी पुन्हा पुन्हा मोजतात.

गेल्या शनिवारी मी सोबत होतो. शेजारच्या लेनमध्ये पोरगेलासा मुलगा, नवी कोरी मस्टँग. हिरवा दिवा लागला. मस्टँग गेली. साठफुटे जागच्या जागी. मला वाटलं, गाडी बंद पडली. पण नाही, ते सीट नीट करत होते. घड्याळ दिव्यावर सुरू होत नाही, चाक रेषेवरून हललं की होतं. त्यामुळे घाई कसली? मग इंजिन घुमलं, डार्टने नाक उचललं, दोन्ही चाकांनी डांबर धरलं आणि धुराचा टिपूसही न निघता गाडी सुटली. फार सुरेख सुटली, खोटं कशाला बोलू. दोनशे फुटांवर त्यांनी पाय काढला आणि उरलेली पट्टी हात बाहेर काढून, वरातीतल्या नवरदेवासारखी पार केली.

खिडकीवरून चिठ्ठी घेतली. साठ फूट, १.९८ सेकंद. आजवर कधी दोनच्या आत आले नव्हते. "शेवटचा आकडा किती?" मी विचारलं.

"कसला शेवटचा?"

त्यांनी चिठ्ठी त्या ओळीखाली दुमडली, नखाने घडी केली आणि फाडली. वरचा तुकडा पाकिटात गेला. खालचा माझ्या हातात देत म्हणाले, "मागची बाजू कोरी आहे. हिने वाणसामान सांगितलंय, लिहून घे. पहिले तांदूळ."