रिवाइंडिंगवाल्यांची धाकटी

आलात होय वहिनी! सकाळी तारेवर तुमची निळी साडी दिसली तेव्हाच म्हटलं, बेंगळुरूची पाहुणी परतली. बारशाला म्हणून गेलात आणि गणपती, नवरात्र सगळं तिकडंच केलंत की! नातू कुणावर गेलाय ते सावकाश ऐकते. फोटो नको, प्रत्यक्ष सांगा. पण आधी हे ऐका, नाहीतर दुपारी भिशीत तुम्हाला दुसरीकडून भलतंच कळायचं.

कोपऱ्यावरच्या रिवाइंडिंगवाल्यांची धाकटी घरी आलीय, हे कानावर आलंच असेल. काय म्हणून आलं? कॉलेज सोडलं? बघा! गिरणीत ठरलं की पोरीला पुणं झेपलं नाही, आणि दुधाच्या डेअरीत ठरलं की कुणीतरी मुलगा आहे. मला कुणाचं काही सांगत बसायची सवय नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण चुकीचं पसरण्यापेक्षा बरोबर पसरलेलं बरं. मुलगा नाही, मच्छर होता. डेंग्यू झाला होता पोरीला.

पण पहिल्यापासून सांगते, ॲडमिशनपासून. तुमच्या थोरल्याच्या वेळचं आता त्यात काही राहिलेलं नाही. हल्ली बारावीचे मार्क बाजूला, सीईटी वेगळी, तिचा निकाल जूनमध्ये, आणि मग त्या कॅपच्या फेऱ्या. यंदा चार होत्या चार. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं लागलं तर मुकाट्यानं तेच घ्यायचं, नाहीतर पुढच्या फेरीची वाट बघत बसायचं. तिचे वडील, आपले भाऊ, म्हणत होते, कॉम्प्युटर घे, सगळे तेच घेतात. ही म्हणाली, तुम्ही मोटार जळल्यावर उघडता, मला ती का जळते ते बघायचंय, मी इलेक्ट्रिकलच घेणार. भाऊंनी दुकानात येईल त्या गिऱ्हाईकाला हे वाक्य ऐकवलं. मोटार घ्यायला आलेला शेतकरी बिचारा मान डोलवून जायचा.

तिसऱ्या फेरीत पुण्याचं कॉलेज लागलं. तोवर पहिल्या फेरीतल्या पोरांचे वर्ग सुरूसुद्धा झाले होते. त्यात हिच्या नॉन-क्रीमीलेयरची मुदत ३१ मार्चलाच संपलेली. नवं काढायला सेतूत फेऱ्या, प्रांत ऑफिसात फेऱ्या, सर्व्हर डाऊन, सही करणारे साहेब पुराच्या बंदोबस्ताला. आता साहेबांना तरी काय म्हणायचं? आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ चं सत्तावन्न फूट कोण विसरलंय? नदी बघायची की उत्पन्नाचे दाखले?

आणि गल्लीत काय, तर फुकट शिकतेय पोरगी! अहो, ८ जुलै २०२४ चा जीआर आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, मराठा आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींची इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. चांगलंच आहे, मी तर म्हणते फार आधी व्हायला हवं होतं. पण खोलीचं डिपॉझिट, मेस, बस, जर्नलं, पांढरा एप्रन, ते जीआरमध्ये नाही. दुकानाचा धंदा पावसाळ्यात बसलेला असतो, विहिरीवरच्या मोटारी कोण चालवतंय? भाऊंनी डिपॉझिटसाठी काय केलं ते मला माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही. तुम्ही पोरीच्या आईच्या हाताकडे बघा, म्हणजे कळेल. पाटल्या नाहीत.

खोली कॉट बेसिसवर घेतली, एका खोलीत चौघी. घरमालकीणबाई स्वच्छतेच्या फार कडक, म्हणे चपला जिन्याखाली. आणि पाणी दिवसाआड येतं म्हणून गच्चीवर उघडं पिंप भरून ठेवलेलं! आता हा डेंग्यूचा मच्छर गटारात नाही होत, वहिनी, त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. अंडं घातल्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला तयार. म्हणून तर आपल्याकडे आशाताई दारोदार सांगत फिरतात, आठवड्यातनं एकदा कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी पालथी घाला. आपण हो हो म्हणतो आणि कूलरचं पाणी तसंच ठेवतो. पोरगी आईनं दिलेली मच्छरदाणी रात्री शिस्तीत लावायची. तो चावतो दिवसा!

विसर्जन झालं आणि हिला ताप भरला. डोळ्यांच्या मागं ठणका, अंग मोडून आलेलं. शेजारच्या कॉटवरच्या मुलीनं प्रेमानं अंगदुखीची गोळी दिली. तिचाही काय दोष? आपणही देतोच की. पण डॉक्टरांनी मागनं ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. डेंग्यूचा संशय असला तर नुसतं पॅरासिटामॉल. ते आयब्युप्रोफेन, ॲस्पिरीन असलं काही पोटात गेलं की रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे मात्र लक्षात ठेवा, तुमच्या डब्यात त्या लाल गोळ्या मी बघितल्यात.

आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेली. अर्ध्या तिकिटात, मार्च २०२३ पासून बायकांना ते एक बरं झालंय. स्वारगेटवरनं रिक्षा, खोली, आणि पोरीला घेऊन परत. मी म्हटलं, पुण्यात काय डॉक्टर नाहीत? तर म्हणाली, डॉक्टर आहेत हो, पण उशाशी कोण बसणार? आणि खरंच, मिरजेच्या माणसानं आजारपणासाठी बाहेर का राहावं? वॉन्लेससाहेबानं १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातली माणसं इथं येऊन राहतात आणि आपण पुण्याला जायचं? फक्त येताना खंबाटकी घाटात गाडी अडकली ती अडकलीच. सणाहून परतणारी सगळी दुनिया रस्त्यावर, पोरगी खिडकीला डोकं टेकून, आणि आई बाटलीतलं ओआरएस झाकणा-झाकणानं पाजतेय.

इथं आल्याबरोबर रक्त तपासलं, एनएस-वन पॉझिटिव्ह. ॲडमिट. आणि मग सुरू झाली गल्लीची प्रॅक्टिस! प्लेटलेट किती, हे दूधवाला विचारतोय, इस्त्रीवाला विचारतोय. दीड लाखाच्या वर असाव्या लागतात, हिच्या चाळीस हजारांवर उतरल्या. माझी ती परसातली पपई, तिला पान राहिलं नाही हो! सकाळी उठते तर कुणीतरी भिंतीवरनं हात घालून पानं ओढतंय. रस करायला. एकीनं किवी आणले, एकीनं ड्रॅगन फ्रूट आणलं. मालगावच्या आत्या शेळीचं दूध घेऊन आल्या, त्या दुधाच्या वासानंच पोरीला उलटी झाली. तो पानांचा रस काय कडू असतो, मी जिभेवर घेऊन बघितलाय. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, रसानं काही बिघडलं तर उलट्यांनी बिघडेल, तिला पाणी, ताक, पेज द्या. प्लेटलेट चढवायला दोन पुतणे रक्तपेढीत जाऊन उभे राहिले होते, त्यांनाही परत पाठवलं. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा चढवत नाहीत म्हणे. ते आकड्यापेक्षा रक्त घट्ट होतंय का, लघवी नीट होते का, पोट दुखतं का, यावर डोळा ठेवून होते.

आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला, तशी तिच्या आईनं देवापुढं साखर ठेवली आणि बॅग भरायला घेतली. डॉक्टर म्हणाले, आता तर खरी राखण करायची. ह्या तापाची तीच गंमत आहे. ताप उतरतो त्याच एक-दोन दिवसांत काही होतं ते होतं. पोटात कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतनं रक्त, असलं काही दिसलं तर धावायचं. नशीब, काही झालं नाही. हळूहळू आकडा चढला, घरी आणलं.

तर इकडं हे चाललेलं आणि तिकडं कॉलेज थोडंच थांबतंय? कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. म्हणजे शंभरातली पंचवीस लेक्चरं बुडाली तर चालतात. हिची उशिरा लागलेल्या फेरीपायी आधीच काही गेली होती, वर हे आजारपण. मैत्रिणीनं कळवलं, नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्टमध्ये तुझं नाव आहे. डिफॉल्टर! कर्ज बुडवल्यासारखं! त्यातनं नाव निघालं नाही तर टर्म मिळत नाही, म्हणजे परीक्षेलाच बसता येत नाही, आणि पोरांच्या भाषेत वायडी, वर्ष खाली. भाऊ महालक्ष्मीनं गेले, पहाटे पुण्यात, प्लॅटफॉर्मवर बसून उजाडायची वाट बघितली. कॉलेजातली खिडकी उघडली तर क्लार्क म्हणतो, सर्टिफिकेटची झेरॉक्स चालणार नाही, ओरिजिनल आणा. ओरिजिनल दाखवलं, तर डिस्चार्ज कार्ड कुठाय? तेही दाखवलं, तर पालकांचा अर्ज विहित नमुन्यात पाहिजे. नमुना कुठं मिळेल? वेबसाइटवर. भाऊंना जळक्या मोटारीचा वास घेऊन कुठली कॉइल गेली ते सांगता येतं, वेबसाइटचं त्यांना काय ठाऊक! बाहेर झेरॉक्सवाल्या पोरानं काढून दिला बिचाऱ्यानं. आणि एवढं सगळं देऊन हजेरी मिळते का? नाही. 'विचार केला जाईल.' आजारपण बापडं आठवड्यात आटपलं, वहिनी, पण त्याचे कागद अजून फिरतायत. ताप यायच्या आधी अर्ज देऊन यायला हवा होता की काय कोण जाणे.

सगळेच तसले नसतात हो. त्यांच्या वर्गाला एक मॅडम नेमलेल्या असतात, जीएफएम म्हणतात. लहान वयाची बाई, पण जीव असलेली. बुडालेली प्रॅक्टिकलं दुसऱ्या बॅचबरोबर करू दिली. जर्नल मात्र स्वतः लिही म्हणाल्या, कुणाचं छापू नकोस. वर म्हणाल्या, जिना चढू नकोस, लिफ्टनं ये, लिफ्टवाल्यानं हटकलं तर माझं नाव सांग.

जिन्यावरनं आठवलं. परत गेली त्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर चढताना हिला गरगरलं आणि हातातला फोन सुटला. पोरगी बसली पायरीवर, फोन गेला तळमजल्यावर. डिस्प्ले खलास. आता फोन म्हणजे काय नुसता बोलायचा असतो? वर्गाच्या नोटिसा व्हॉट्सॲपवर, असाइनमेंट त्यावर, आणि स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा महाडीबीटीवर, त्याचा ओटीपी त्या नंबरवर. भाऊंनी दुकानातला बटणांचा फोन पाठवला. ओटीपी येतो, व्हॉट्सॲप येत नाही. मग काय, खोलीतल्या पोरी रात्री तिला बातम्यांसारख्या नोटिसा वाचून दाखवायच्या. त्यातच एकीनं तारीख चुकीची वाचली आणि युनिट टेस्टला ही भलत्याच विषयाचा अभ्यास करून गेली. तरी काठावर पास झाली, बरं का!

सगळ्यात वाईट म्हणजे तो थकवा. तो दिसत नाही ना कुणाला. ताप दिसतो, सलाईन दिसतं, त्याला माणसं नारळपाणी घेऊन येतात. महिन्यानंतर पोरगी दुपारी चारला वर्गात मान टाकते, तर सर म्हणतात, रात्रभर मोबाइल बघतेस का? अहो, मोबाइल फुटलाय तिचा! सांधे दुखतात, डबा उघडला की जेवण नको वाटतं. डॉक्टरांनी बजावलंय की हे काही आठवडे चालतं, आणि दोन-तीन महिन्यांनी केसही गळतील, घाबरू नका, परत येतात. ते मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. दिवाळीनंतर गिरणीत चर्चा निघेल की पुण्याच्या पाण्यानं केस गेले, नाहीतर काळजीनं गेले. तेव्हा तुम्ही बोला. माझं कुणी ऐकत नाही, मी फार बोलते म्हणतात.

काय म्हणता? एक वर्ष घरी ठेवायला हवं होतं? ते तिच्या आईच्या माहेरचेही म्हणाले. मला नाही पटत. घरी बसून ती बरी झाली असती, मान्य, पण पुढच्या वर्षी परत त्या फेऱ्या, परत ते दाखले, आणि तोवर स्थळं यायला लागली असती. थोरलीचं काय झालं आठवतंय ना? बीकॉम दुसऱ्या वर्षाला 'जरा तब्येत सुधारू दे' म्हणून थांबवली, ती कायमचीच थांबली. आता सांगोल्याला दोन पोरं घेऊन आहे. सुखात आहे, नाही असं नाही. पण धाकटीनं सगळं बघितलंय. तिला आई म्हणाली की राहा गं चार महिने, तर पोरीनं उत्तरच दिलं नाही, सलाईनच्या हातानं जर्नलला कव्हर घालत बसली.

आता आलीय ती त्या मॅडमना सांगून, चार दिवस आईच्या हातचं खायला आणि राहिलेलं लिहायला. रविवारी निघणार. मागच्या खोलीत बसलीय, दार लावून, कारण दार उघडं दिसलं की कुणीतरी तब्येतीची चौकशी करायला येतं आणि तासभर उठत नाही. मी पण काल गेले होते, जरा वेळच बसले. ड्रॉइंगच्या शीटा राहिल्यात तिच्या. मैत्रिणीचा ड्राफ्टर मागून आणलेला, त्याचा स्क्रू निसटतो, रेघ सरकते, परत खोडते. खोडून खोडून कागद पातळ झालाय. नवा घ्यायचा तर भाऊ आणतीलही, पण तिनं त्यांना सांगितलेलंच नाही, डिस्प्लेचा खर्च आधीच पुढं उभा आहे.

म्हणून तुमची वाट बघत होते. तुमच्या थोरल्याचा मिनी ड्राफ्टर माळ्यावर आहे ना अजून? तो काळ्या रेक्झिनच्या पिशवीतला? मी बघितला होता, रंगकामाच्या वेळी सगळं खाली काढलंत तेव्हा. भावजींना चढायला लावू नका, त्यांचे गुडघे. शिडी आमच्याकडं आहे, आमच्या ह्यांना पाठवते. आणि हे बघा, मी मागितला असं तिला सांगू नका. तुम्हीच म्हणा, माळा आवरत होतो, अडगळ झालीय, घेऊन जा. शीटा गुंडाळून न्यायची ती नळीही असेल त्यातच कुठंतरी, तीसुद्धा बघा.