बिनखर्ची वाण : काही शास्त्रोक्त नियम

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायकांना हळदीकुंकवाला बोलवावं आणि काहीतरी उपयोगाची वस्तू लुटावी, असा आपल्याकडे प्रघात. हा काळ दर वर्षी सारखा नसतो, हे इच्छुकांनी आधी कॅलेंडरात बघून घ्यावं. २०२४ साली १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असा ऐसपैस महिना मिळाला होता. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीलाच उगवली आणि सगळ्या सोसायटीची धावपळ झाली. एक पैसाही न खर्चता वाण द्यायचं असेल, तर तयारी पावसाळ्यापासूनच हवी. ती कशी, ते पुढे दिलं आहे.

नियम १. गेल्या वर्षी आलेलं वाण यंदा पुढे ढकलणं, याला बिनखर्ची वाण म्हणत नाहीत. हा नियम आमच्या मोठ्या जाऊबाईंसाठी आहे. त्यांच्या गोदरेजच्या कपाटाचा खालचा कप्पा म्हणजे चहाच्या गाळण्या, साबणदाण्या, झिपची पाकिटं आणि झाकण न लागणाऱ्या डब्या. कोणी काय दिलं याची नोंद त्या डोक्यात ठेवतात, आणि डोकं आता सत्तरीचं आहे. स्टीलची वाटी देण्याआधी निदान ती उलटी करून बघावी; आपल्या बायका भांड्यांवर नाव घालतात. मला परवा मिळालेल्या वाटीवर माझंच नाव आहे, तारखेसकट.

नियम २. रोप द्यावं. गवती चहाच्या ठोंबाचा कडेचा एक फुटवा मुळासकट सोडवायचा, पात वीतभर ठेवून वरची छाटायची आणि ती चहात घालायची. ओव्याच्या पानाची फांदी नुसती खोचली तरी जगते. कढीपत्ता मात्र मानी. बुंध्याशी मुळांतून फुटलेली पिल्लं पावसाळ्यातच काढून लावावीत. थंडीत हात लावला तर रुसतो. कुंडी विकत आणू नये. नियम १ मधल्या डब्यांच्या बुडाला तापल्या खिळ्याने भोकं पाडावीत. त्या डब्यांचा याहून चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही.

नियम ३. विरजण. जानेवारीत सगळ्यांचंच दही बिघडलेलं असतं, तेव्हा कवडीदार दह्याचं चमचाभर विरजण न्यावं आणि ‘भांडं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा’ एवढंच सांगून निघावं.

नियम ४. अंगमेहनत. परकराला नाडी ओवून देणे, विळीला धार लावून आणणे, काकूंच्या मोबाइलमधले गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात संदेश पुसून जागा करून देणे. या शेवटच्या सेवेत काकू शेजारी बसतात आणि प्रत्येक गुलाब कोणी पाठवला ते सांगतात. दुपार मोकळी ठेवावी.

नियम ५. नवरा गेल्यापासून जिला कोणी बोलावत नाही, तिला बोलवावं. कुंकू लावावं, फूल द्यावं. खर्च शून्य. कोणी नाक मुरडलं, तर त्या बाईंना साबणदाणी द्यावी. जाऊबाई तळमजल्यावरच्या आजींना कित्येक वर्षं बोलावतात, आणि पहिल्यांदा बोलावलं तेव्हा सासूबाई हयात होत्या, हे इथे नमूद करणं भाग आहे.

नियम ६. काटेरी हलवा. हौशी लोकांनी या वाटेला जाऊ नये. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, वर चमचा चमचा साखरेचा पाक, आणि बोटांनी सतत चाळवत राहायचं. घाई करून पाक जास्त ओतला, की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. असं काही दिवस. काटा थंडीतच येतो, म्हणून बसायचं पहाटे. बोटं भाजतात. साखर लागते, पण ती घरातली. घरातल्या साखरेला आमच्यात कोणी खर्च म्हणत नाही.

आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने जाऊबाईंनीच केले. मुकुट, बाजूबंद, बासरीसुद्धा. बाजारात या दागिन्यांना काय भाव आहे ते मी विचारून आले आणि त्यांना सांगितलं, तर त्या भावावरच चिडल्या. मग म्हटलं, यंदा मला वाण नको, हे शिकवा.

‘पाचला ये,’ म्हणाल्या, ‘आणि नखं कापून ये.’