पुन्हा कॅट? आधी उत्तरपत्रिका उघडा

डिसेंबर सरता सरता आयआयएमच्या प्रवेशासाठीच्या कॅटचा निकाल लागतो आणि त्याच संध्याकाळी कित्येक घरांत निर्णयही होऊन जातो. ‘पुढच्या वर्षी परत देतो.’ आई बरं म्हणते, बाबा मान हलवतात, विषय संपतो. मोबाइल घ्यायचा तर आपण आठवडाभर तुलना करतो. तरुण वयातलं एक अख्खं वर्ष चहा संपायच्या आत ठरवायचं?

परत द्यायला हरकत काहीच नाही, हे आधीच सांगतो. कॅटला वयाची अट नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही. तिसऱ्यांदा बसून आयआयएमला पोचलेली मुलं आहेत. तिसऱ्यांदा बसून पहिल्यापेक्षा खाली घसरलेलीही आहेत. त्यांचे फोटो क्लासच्या फलकावर लागत नाहीत, एवढंच.

दोघांत फरक कशाचा? मेहनतीचा नव्हे. मेहनत दोघांनीही केलेली असते. गेल्या खेपेला नेमकं काय चुकलं, हे एकाला ठाऊक असतं. दुसऱ्याला फक्त किती आले ते ठाऊक असतं.

आणि ‘किती आले’ हेही घरात कोणाला धड कळलेलं नसतं. पोराला ९२ पर्सेंटाइल म्हटल्यावर आत्याला वाटतं, एवढे छान मार्क, मग तोंड पाडून का बसलाय? २०२४च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार जण बसले होते. त्यात ९२ म्हणजे आपल्या पुढे तेवीस हजारांवर माणसं. ९९ आले तरी पुढे २९००च्या आसपास. अहमदाबाद, बंगळूर आणि कोलकाता या तिघांच्या मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा मिळून होतात दीड हजाराच्या आतबाहेर.

तोंड पडणारच.

म्हणजे ही पास-नापासाची परीक्षा नाही, रांगेची आहे. वर्षभरात तुम्ही सुधारलात आणि रांगही तेवढीच सुधारली, तर तुम्ही होतात तिथेच. पुढच्या वर्षीच्या रांगेत यंदा हुकलेले बरेच जण परत उभे असणार. तेही ‘या वेळी जोर लावतो’ असंच म्हणून आलेले असणार.

मग जोर कुठे लावायचा?

२०२४चा पेपर ६८ प्रश्नांचा होता. वेळ १२० मिनिटं. इंग्रजी वाचनाचा व्हीएआरसी, कोडी-तक्त्यांचा डीआयएलआर आणि गणिताचा क्वांट असे तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. एका विभागाचा वेळ संपला की पुढच्यात ढकलतात, मागे येता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय चुकला तर १ वजा. आणि आता महत्त्वाचं ऐका. गेल्या काही वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी मिळवणाऱ्यांनाही ९९ पर्सेंटाइल आलेलं आहे.

निम्म्याहून कमी!

आपल्याकडे पहिलीपासून काय शिकवतात? पूर्ण पेपर सोडव. एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस. काहीतरी लिहून ये, गुण मिळतात. दहावी-बारावीला हे चालतं. कॅटमध्ये हीच सवय आपल्याला बुडवते. इथे सोडवता किती आलं यापेक्षा सोडून किती देता आलं, यावर निकाल फिरतो. बोर्डात ९५ टक्के मिळवलेली हुशार पोरगी कॅटला ८० पर्सेंटाइलवर अडकते, तेव्हा तिची बुद्धी कमी पडलेली नसते. डीआयएलआरच्या एका सेटवर ती अठरा मिनिटं चिकटून बसलेली असते. हातात घेतलंय तर पुरं करायचं, असं तिला घरातच शिकवलेलं असतं ना?

आणि हे तिला कोणी सांगतही नाही. सांगतात काय? अजून अभ्यास कर.

पेपर झाल्यावर काही दिवसांत प्रत्येक उमेदवाराची उत्तरं आणि उत्तरसूची संकेतस्थळावर मिळते. कुठला प्रश्न बरोबर, कुठला चूक, कुठला सोडलेला, सगळं समोर. गुण किती होतात ते मोजायला ती सगळेच उघडतात. चुका बघायला पुन्हा किती जण उघडतात? फारच थोडे. जखमेकडे बघवत नाही, हे समजू शकतं. पण न बघता पट्टी कुठे बांधणार?

उघडा ती फाइल. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला एकच विचारा: हा मला येतच नव्हता, येत होता पण घाईत चुकला, की याला मी हातच लावायला नको होता? पहिल्या प्रकाराला अभ्यास हवा. दुसऱ्याला घड्याळ लावून सराव हवा. तिसऱ्याला हवा संयम, आणि तो कुठल्याच नोट्समध्ये छापलेला नसतो. बहुतेकांची गळती या तिसऱ्या भोकातून होते. डझनभर उत्तरं अंदाजाने ठोकली आणि चुकली, तर गेले १२ गुण. नव्वदीच्या वरच्या गर्दीत १२ गुणांवर हजारो माणसं पुढे-मागे होतात. नवं एकही सूत्र न शिकता हे गुण परत मिळवता येतात!

पण होतं काय? निकालानंतरच्या सोमवारी क्वांटचं पुस्तक पुन्हा पान एकपासून सुरू. नंबर सिस्टिम, टक्केवारी, नफा-तोटा. गेल्या वर्षी जे येत होतं तेच या वर्षी अजून चांगलं येतं. जे येत नव्हतं ते मार्चमध्ये ‘नंतर बघू’ असतं आणि सप्टेंबरमध्ये ‘आता वेळ नाही’ असतं.

मॉकचं, म्हणजे सराव परीक्षांचंही तेच. ‘मी चाळीस मॉक दिल्या’ हे अभिमानाने सांगणारे भेटतात. त्यातल्या किती मॉकनंतर बसून चुका तपासल्या, असं विचारलं की बोलणं थांबतं. दोन तासांच्या मॉकला निदान तेवढाच वेळ तपासणीला द्यायला हवा. एवढं साधं गणित, आणि तेच क्वांटमध्ये ९८ काढणाऱ्यांना सुटत नाही.

आणखी एक कारण हमखास ऐकू येतं. ‘माझा स्लॉट अवघड होता.’ परीक्षा एकाच दिवशी तीन स्लॉटमध्ये होते, पेपर वेगळे असतात, हे खरं. म्हणूनच गुणांचं समायोजन करतात. शंका घ्यायची तर जरूर घ्या, पण त्यासाठी एक वर्ष बाजूला ठेवणार असाल तर पुढच्या वर्षी स्लॉट तुम्हाला विचारून देणार आहेत का?

खरोखरच तक्रारीला जागा होती अशी वर्षं होऊन गेली. २००३च्या नोव्हेंबरात कॅटचा पेपर फुटला, परीक्षा रद्द झाली आणि २००४च्या फेब्रुवारीत साऱ्या देशाने ती परत दिली. २००९ला परीक्षा पहिल्यांदा संगणकावर गेली, यंत्रणा कोलमडली, हजारोंना पुन्हा बोलवावं लागलं. तेव्हा ज्यांना परत बसावं लागलं, त्यांचा काहीच दोष नव्हता. आज बसणाऱ्याला स्वतःचा वाटा शोधावाच लागेल.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. काही जणांना कॅटने अडवलेलंच नसतं.

अहमदाबाद घ्या, बंगळूर घ्या. मुलाखतीला बोलावताना तिथे नुसता कॅटचा गुण बघत नाहीत. दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि नोकरीचा अनुभव यांनाही वजन असतं. दहावीला ६८ टक्के असलेला मुलगा ९८ पर्सेंटाइल घेऊन बसतो, कॉल येत नाही, आणि तो ठरवतो की पुढच्या वर्षी ९९ काढायचे. दहावी पुन्हा देता येते का? मग त्याने आधी कॉलेजांच्या निवडीचे निकष वाचावेत. प्रत्येक आयआयएम ते जाहीर करते. कुठे दहावीचं वजन कमी आहे, कुठे अनुभवाला जास्त किंमत आहे, हे पाहून त्या कॉलेजाच्या दिशेने तयारी करावी. फुकटात मिळणारी ही माहिती न वाचता लोक रिपीटर बॅचची फी भरतात. याचा मला मनापासून राग येतो. मुलांचा नाही. त्यांना हे न सांगता फी घेणाऱ्यांचा.

क्लासला विचारलं, परत देऊ का, तर उत्तर काय येणार? दुकानदाराला विचारून कोणी खरेदी टाळली आहे? टॉपर त्यांच्याकडे नुसत्या मॉक द्यायला आला होता की वर्षभर शिकला, हे फलकावर कुठे दिसायचं? अखेर २०२४च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर त्याची संमती हवी आणि त्याने कुठला, किती मुदतीचा कोर्स केला तेही सांगायला हवं. फोटोखालची बारीक अक्षरं आता तरी वाचा.

आणि नोकरी सोडून ड्रॉप घेणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. सोडू नका. रोज दोन तास आणि शनिवार-रविवार, एवढ्यात कॅटची तयारी होते. ज्यांचं काम सुटलं त्यांना अभ्यासाला दहा तास मिळतात खरे, पण ते दहा तास काळजीही तेवढीच पुरते. शिवाय मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो: या वर्षात काय केलंत? ‘कॅटचा अभ्यास’ हे उत्तर समोरच्याच्या चेहऱ्यावर काही हलवत नाही.

एक परीक्षा म्हणजे एकच दार, हाही गैरसमज. कॅटचा निकाल येतो तेव्हा जानेवारीच्या सुरुवातीची झॅट समोर असते. राज्याची एमबीए सीईटी त्यानंतर. दीडशे मिनिटांत २०० प्रश्न, चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणजे कॅटच्या अगदी उलटी चाल. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत जायचा मुख्य रस्ता तोच. स्नॅप आणि एनमॅट एकाच हंगामात तीन-तीनदा देता येतात. जीमॅटला सोळा दिवसांनी परत बसता येतं, बारा महिन्यांत पाच वेळा, आणि गुण पाच वर्षं चालतात. कॅट वर्षातून एकदाच आणि गुण त्या हंगामापुरते. सर्दी-तापाचा एक रविवार वर्षभराला भारी पडतो. आपल्या सीईटी सेलने २०२६पासून एमबीएची परीक्षा दोनदा घ्यायचं जाहीर केलं, ते योग्यच. आयआयएमने हा विचार कधी करायचा? एकाच रविवारच्या दोन तासांत माणूस कळतो, यावर त्यांचा स्वतःचा तरी विश्वास आहे का? असता तर पुढे मुलाखत ठेवली असती का?

‘मिळालं ते घे’ म्हणणारे मामा असतात. त्यांचंही सरसकट खरं मानू नका. ७० पर्सेंटाइलवर बोलावून घेणारी आणि वीस लाखांचं कर्ज काढायला लावणारी कॉलेजं आहेत. तिथे जाण्याआधी सरासरी पगार विचारू नका. तो दोन-चार बड्या नोकऱ्यांनी फुगतो. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाला आणि किती जणांना काहीच मिळालं नाही, ते विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर एक वर्ष थांबणं स्वस्त पडेल.

मग परत बसावं कोणी? ज्याच्या निकालात एक खड्डा स्पष्ट दिसतो, त्याने नक्की. क्वांटला ९८, डीआयएलआरला ९७ आणि व्हीएआरसीला ६१. असे निकाल आपल्याकडे भरपूर, आणि त्यात मराठी माध्यमातून आलेली मुलं खूप. लातूर-सांगलीहून इंजिनिअरिंगला आलेला, गणितात वाघ असलेला पोरगा इथे चार इंग्रजी उताऱ्यांपुढे अडतो. २०२४ला त्या विभागातले २४पैकी १६ प्रश्न उताऱ्यांवरच होते. तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, कलेचा इतिहास, असले विषय त्याने मराठीतही कधी वाचलेले नसतात. त्यात त्याचा काय दोष? शाळेने क्रमिक पुस्तकाबाहेरचं इंग्रजी पान त्याच्या हातात दिलं होतं का?

पण हा खड्डा भरतो. शब्दांच्या याद्या पाठ करून नाही, वाचून. रोज एक मोठा इंग्रजी लेख, न आवडणाऱ्या विषयावरचा, आणि वाचून झाल्यावर लेखकाचं म्हणणं दोन ओळींत लिहायचं. मराठीत लिहिलं तरी चालेल. कॅटचे अर्ज ऑगस्टमध्ये सुटतात, परीक्षा नोव्हेंबरअखेर. निकालापासून मोजलं तर हातात अकरा महिने. अशा पोराला ‘तुझं इंग्रजी कच्चं आहे, सीईटीवर भागव’ असं सांगणाऱ्या शिक्षकांनी कृपा करून गप्प बसावं आणि त्याला कॉलेजच्या लायब्ररीचं कार्ड काढून द्यावं.